मायलीचा सोनेरी टोप

'हॅना मोंटाना' ही मालिका २४ मार्च २००६ रोजी अमेरिकेत डिस्ने चॅनेलवर सुरू झाली आणि जानेवारी २०११ मध्ये संपली. मायली स्टुअर्ट ही मालिबूतली शाळकरी मुलगी. डोक्यावर सोनेरी केसांचा टोप चढवला की तीच प्रसिद्ध गायिका हॅना! मायली सायरस तेव्हा १३ वर्षांची होती. मालिकेतले तिचे बाबा म्हणजे तिचे खरे बाबा, गायक बिली रे सायरस.

नुसत्या टोपाने माणूस ओळखू येत नाही का, असे आई-बाबा विचारतात. मग 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मध्ये साडी नेसलेले सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे घरमालकिणीला तरी कुठे ओळखू आले? प्रेक्षकांना सगळे ठाऊक असते, गंमत त्यातच!

गुपित कशासाठी? मैत्रीण लिली हॅनाची वेडी चाहती. खरे कळले तर ती आपल्याशी पूर्वीसारखी वागणार नाही, ही मायलीची भीती. (लिलीला ते पहिल्याच भागात कळते, आणि मैत्री टिकते.) आपल्यातही काही जण रविवारी सकाळी कुठे जातात ते शाळेतल्या मित्रांना सांगत नाहीत. त्यांना ही भीती समजेल.

आम्हाला सगळ्यांत आवडतो तो शेवटच्या वर्षातला पेच. लिलीला स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश मिळतो, मायलीला नाही. अभ्यासाव्यतिरिक्त तिने काहीच केलेले नाही, असे अर्जावरून दिसते. केलेले सगळे हॅनाच्या नावावर! मग जे लेनो यांच्या कार्यक्रमात, सगळ्यांसमोर, ती टोप काढते.