खेळू द्या, पण आपल्या ओसरीत!

मैत्रिणींनो, आमच्या साखऱ्यात बचत गटाची बैठक भरली, की आधी हप्त्यांचं बोलणं होतं, मग सोयाबीनच्या अन् हळदीच्या भावाचं. ते संपलं की विषय निघतो लेकरांच्या मोबाईलचा! "जेवायला चार हाका मारल्या तरी उठत नाही हो ताई." "रात्री गोधडीत तोंड घालून खेळतंय." "एकटंच हसतंय, एकटंच बोलतंय." शेवटी कुणीतरी म्हणतंच, "फोडून टाकावा वाटतो मेला तो फोन!" हिंगोली जिल्ह्यातलं आमचं गाव असो की तुमचं, आईचं दुखणं सगळीकडे सारखंच, नाही का?

पण बायांनो, फोन फोडून प्रश्न सुटत नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून आपणच पोटाला चिमटा काढून लेकरांच्या हाती फोन दिले. अभ्यासाच्या मागोमाग खेळ आलेच. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली, त्यात पोरांचा लाडका पबजीही होता. आपण सुटकेचा निःश्वास टाकला. पण झालं काय? पोरं दुसऱ्या खेळाकडे वळली आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' असं नवं नाव घेऊन परत आला!

याचं कारण साधं आहे. लेकरांना खेळाइतकीच खेळातली सोबत हवी असते. आपण तरी एकटीने सोंगट्या मांडल्या होत्या का कधी? आपल्याच पचिशीवरून इंग्लंडमध्ये लुडो झाला, १८९६ मध्ये तिथे त्याचं पेटंट घेतलं गेलं. आणि २०१६ मध्ये नवी मुंबईच्या एका कंपनीने 'लुडो किंग' काढून तोच डाव मोबाईलवर मांडला. लॉकडाऊनमध्ये पुण्याची आत्या अन् गावाकडची भाची त्यावरच तर भेटत होत्या! म्हणून "किती वेळ खेळतोस?" याच्या आधी "कुणाबरोबर खेळतोस?" हे विचारायला हवं.

हा प्रश्न मला पडला तो आमच्या गल्लीतल्या एका नववीतल्या पोरीमुळे. मोठ्या भावाच्या फोनवर ती खेळत होती. खेळातल्या एका अनोळखी 'मित्रा'ने आधी नाव विचारलं, मग गाव, मग फोटो मागितला. पोरगी घाबरली आणि तिने आईला सांगितलं. घरात काय व्हावं? आधी फोन काढून घेतला. मग वडील म्हणाले, "पुरे झाली आता शाळा, पोरीला घरी बसवा." भावाच्या हातातला फोन मात्र तसाच राहिला! चार बायका मिळून आम्ही त्यांच्या घरी गेलो. वडिलांना म्हटलं, "दादा, तिने खरं सांगितलं, त्याचीच शिक्षा तिला देता का? पुढच्या वेळी काही घडलं तर ती तोंड उघडील का?" बरंच बोलणं झालं. पोरगी शाळेत गेली. पण माझ्या डोक्यातून ती गोष्ट काही जाईना. पोरं पारावर बसून खेळतात, पोरींना तिथे बसायची सोय नाही. मग त्या खेळणार चोरून आणि अनोळखी माणसांशी. यापेक्षा हा खेळ आपल्या ओसरीत, आपल्या नजरेसमोर का आणू नये?

मी बी.ए. झालेली, तारा-डब्यांशी माझा संबंध मिक्सरपुरता! पण घरी मुलाने समजावून सांगितलं आणि वाटलं, अरे, हे तर सोपंच आहे. इंटरनेटची तार ज्या डब्याला येते तो राऊटर. घरातले सगळे फोन वाय-फायने त्याला जोडलेले असतात. गंमत म्हणजे, एका राऊटरवरचे फोन गावाबाहेर न जाताही एकमेकांशी बोलू शकतात. भिंतीवरून शेजारणीला भाजीची वाटी द्यावी, तसं. त्यासाठी हिंगोलीच्या बाजारात कशाला जायचं? याला म्हणतात घरचं नेटवर्क. राऊटर नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करून बाकीचे फोन त्याला जोडले तरी जमतं.

आमच्या लेकरांनी 'अमंग अस' हा खेळ निवडला. २०१८ मध्ये आलेला, मोबाईलवर फुकट मिळणारा. आपला राजा-राणी-चोर-शिपाई आठवतो ना? थोडाफार तसाच! एका यानात सगळे कामं करत असतात, त्यांच्यात एखाददुसरा लबाड लपलेला असतो. तो कामं बिघडवतो, गडी बाद करतो. मग सगळ्यांनी बसून चर्चा करायची आणि मत देऊन त्याला शोधायचं. कार्टूनमधली मारामारी आहे, तेव्हा अगदी लहानग्यांना नको. एकाने 'लोकल' निवडून डाव मांडायचा. त्याच वाय-फायवरच्या बाकीच्यांना तो आपापल्या फोनवर दिसतो. चार ते पंधरा जण खेळू शकतात.

आता अडचणी कुठे येतात ते सांगते. सगळ्यांच्या फोनवर खेळाची एकच, ताजी आवृत्ती हवी, नाहीतर डाव जुळत नाही. राऊटर कपाटात किंवा लोखंडी पेटीमागे ठेवू नका, घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. पत्रा आणि जाड भिंती लहरींना अडवतात. राऊटरवर दोन नावं दिसत असतील, तर २.४ वालं लांबपर्यंत पोचतं, ५ वालं वेगवान असतं पण जवळच चालतं. पाहुण्यांसाठी काही राऊटरवर वेगळं 'गेस्ट' नेटवर्क असतं, त्यावर बहुधा फोन एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून खेळताना सगळ्यांना मुख्य नेटवर्कवर घ्या आणि नंतर पासवर्ड बदला. डब्याखाली छापलेला पासवर्ड तर पहिल्याच दिवशी बदलायचा. वीज गेली तर? राऊटरसाठी छोटा बॅटरी बॅकअप बाजारात मिळतो. आणि डाव अडखळायला लागला, तर घरात दुसरं कुणी सिनेमा तर बघत नाही ना, ते आधी पाहा!

गावाबाहेरच्या भावंडांशी खेळायचं असेल तर बऱ्याच खेळांत खासगी खोली करता येते. तिचा कोड फक्त ओळखीच्यांना द्यायचा. मात्र एखादा व्हिडिओ बघून पोरगं म्हणालं, "आई, राऊटरचा पोर्ट उघडू", तर सरळ नाही म्हणा. ते म्हणजे आपलं मागचं दार अख्ख्या जगाला उघडून देणं! अनोळखींची चॅट बंद ठेवा. खेळाच्या फोनला बँक किंवा यूपीआय जोडू नका आणि प्ले स्टोअरमध्ये खरेदीला पासवर्ड लावा.

पैसे लावून खेळायचे खेळ मात्र आपल्या घरात अजिबात नकोत. 'रमी खेळा, लाख जिंका' म्हणणाऱ्या जाहिरातींनी किती संसार उधळले ते आपण पाहिलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यावर कायदा केला. पैशांचे ऑनलाईन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणून घरातलं कुणी त्यात अडकलं असेल तर लपवू नका. ऑनलाईन फसवणूक झाली तर लगेच १९३० या नंबरवर कळवा, जितकं लवकर तितकं बरं.

"पण ताई, व्यसन लागलं तर?" हा प्रश्न रास्तच आहे. खेळाच्या नादाने बिघडलेल्या वागण्याला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत जागा दिली आहे. पण तासभर रमणारं प्रत्येक लेकरू आजारी नसतं. खेळावरचा ताबा सुटणं, शाळा-जेवण-झोप सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, हे साधारण वर्षभर चाललं तर तो आजार मानतात. तशी शंका आली तर वर्षभर थांबू नका, मारझोडही करू नका. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या नंबरवर बोला. त्याला पैसे पडत नाहीत.

आमच्या ओसरीत आता रविवारी दुपारी दोन तास डाव रंगतो. पोरं-पोरी दोन्ही. घड्याळ माझ्याकडे, पासवर्डही माझ्याकडे. ती नववीतली पोरगीही येते. आता ती दहावीत आहे आणि लबाड कोण ते ओळखण्यात तिचा हात कुणी धरत नाही! तिची आई शेंगा फोडत बाजूला बसलेली असते. "कोण गं हा हिरवा?" असं मध्येच विचारते. पोरगी न लपवता सांगते. मला विचाराल तर सगळी खटपट या 'न लपवता' साठीच आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, एखाद्या रविवारी लेकराजवळ बसा आणि म्हणा, "मला पण शिकव की!" पहिल्या डावात आपण हरणार हे नक्की. हरू द्या! पण उद्या एखाद्या अनोळखी माणसाने काही वेडंवाकडं विचारलं, तर तेच लेकरू धावत आपल्याकडे येईल. आणि ते आलं, की आधी ऐकून घ्या. फोनचं काय करायचं ते नंतर बघू.