मोटारीचा तळ : आवाज आणि उष्णता यांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर चाके लागताच मोटारीच्या तळातून जो अखंड घुमारा सुरू होतो, आणि वैशाखात नागपूर-अमरावतीच्या रस्त्याने तास-दोन तास गेल्यावर चालकाच्या डाव्या पायाला जी धग जाणवू लागते, त्या दोहोंचा अनुभव मोटार बाळगणाऱ्या बहुतेकांना आहे. यावर इलाज म्हणून आतला गालिचा उचलून पत्र्यावर आवरण चिकटवून घेण्याची प्रथा ॲक्सेसरीच्या दुकानांनी आता गावोगाव रूढ केली आहे. या कामाला खर्च थोडा नसतो. एकदा चिकटलेले आवरण पुन्हा सोडवणे महाकठीण असते. आणि कोणता जिन्नस निवडावा याचा सल्ला मात्र बहुधा विकणाऱ्याकडूनच मिळतो. म्हणून या व्यवहारात रूढ झालेल्या समजुतींची शहानिशा पैसे मोजण्यापूर्वी करून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज १ : एकच शीट आवाजही थांबवते आणि उष्णताही.

वस्तुस्थिती : ज्याला आपण ढोबळपणे ‘आवाज’ म्हणतो, त्यात तीन निरनिराळ्या क्रिया असतात आणि प्रत्येकीचा बंदोबस्त निरनिराळा असतो. रस्त्याचे हादरे चाकांतून पत्र्यात शिरतात आणि पत्रा स्वतःच ढोलाच्या कातड्यासारखा कंप पावू लागतो. ते कंपन शमवण्याचे काम ब्युटिल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली डॅम्पिंग शीट करते, कारण पत्रा वाकू लागला की मधले चिकट रबर ताणले जाते आणि कंपनाची ऊर्जा त्यात किंचितशा उष्णतेच्या रूपाने जिरून जाते. टायरांचा व सायलेन्सरचा जो आवाज हवेतून येऊन तळावर आदळतो, त्याला अडवण्यासाठी वजनदार आणि अखंड पडदा लागतो. आणि जो आवाज आत येऊनच चुकला, तो शोषून घेण्यासाठी नमदा किंवा सच्छिद्र फोम यांसारखा, हवा खेळू देणारा तंतुमय पदार्थ लागतो. उष्णतेचे गणित या तिन्हींहून वेगळे. दोन मिलिमीटर जाडीची डॅम्पिंग शीट कंपन उत्तम शमवते, परंतु उष्णता रोखण्याच्या कामी तिचा उपयोग नाममात्रच होतो.

गैरसमज २ : तळाचा इंच न् इंच झाकावा, थर जितके अधिक, तितकी शांतता अधिक.

वस्तुस्थिती : पत्र्याचे कंपन त्याच्या सपाट, घडी नसलेल्या मध्यभागी सर्वाधिक असते; कडा, घड्या आणि उंचवटे यांनी तो पत्रा मुळातच ताठ झालेला असतो. त्यामुळे सपाट भागाच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश क्षेत्रावर नेमक्या जागी शीट बसवली तरी कंपनाचा बहुतेक हिशेब चुकता होतो, आणि त्यापुढच्या प्रत्येक तुकड्याचा लाभ घटत जातो. परीक्षा सोपी आहे. गालिचा उचलून बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करावी; जिथे ‘ठण्ण’ असा नाद उमटतो तिथे शीटची गरज आहे, आणि जिथे ‘धप्प’ असे उत्तर येते तिथे नाही. पुष्कळ मोटारींत कारखान्यातूनच तळावर डांबरी थापे बसवलेले असतात; त्यांच्यावर आणखी थर रचल्याने वजनाखेरीज फारसे काही वाढत नाही.

गैरसमज ३ : जाड फोम घातला की बाहेरचा आवाज अडतो.

वस्तुस्थिती : आवाज अडवण्याच्या कामात निसर्गाने मुख्य मान वजनाला दिला आहे. ध्वनिशास्त्रातील वस्तुमानाचा नियम सांगतो की पडद्याचे वजन दुप्पट केले तर अडवणूक सुमारे ६ डेसिबलने वाढते. तळाच्या एक चौरस मीटर पत्र्याचे वजन साधारण ६ किलो भरते; त्यावर आणखी ६ किलोचा थर घातला तर ६ डेसिबल हाती लागतात, परंतु त्यापुढच्या ६ डेसिबलसाठी १२ किलो घालावे लागतात. तीन चौरस मीटरच्या तळाला हाच हिशेब लावला, तर पहिल्या पायरीला १८ किलो आणि दुसरीला आणखी ३६ किलो खर्ची पडतात. उलटपक्षी सहा मिलिमीटरच्या हलक्या फोमचे वजन चौरस मीटरला पाव किलोही भरत नाही, मग तो अडवणार काय? शोषणाच्या बाबतीतही तीच मर्यादा आहे : १०० हर्ट्झच्या खोल घुमाऱ्याची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असल्यामुळे बोटभर जाडीचा फोम तिला जाणवतही नाही. या कामी बद्धकोशी फोमचे, म्हणजे ज्याच्या पोकळ्या परस्परांशी जोडलेल्या नसतात अशा फोमचे, खरे कार्य निराळे आहे. वजनदार व्हिनाइलचा पडदा आणि पत्रा यांच्यामध्ये तो मऊ बैठकीसारखा राहतो आणि पत्र्याचे हादरे पडद्यापर्यंत पोहोचू देत नाही. हा पडदा अखंड असावा लागतो, कारण त्याच्या क्षेत्राचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पलीकडे कधीच जात नाही, मग पडदा कितीही भारी असो.

गैरसमज ४ : चकचकीत ॲल्युमिनियम कुठेही लावले तरी उष्णता परतवून लावते.

वस्तुस्थिती : लखलखीत ॲल्युमिनियम उष्णतेच्या प्रारणाचा फार मोठा हिस्सा परत फेकते हे खरे, परंतु त्यासाठी त्याच्यासमोर हवेची मोकळी जागा असावी लागते. तोच पापुद्रा पत्रा आणि गालिचा यांच्यामध्ये दाबून बसवला की परावर्तनाला वावच उरत नाही, आणि ॲल्युमिनियम हा उष्णतेचा उत्कृष्ट वाहक असल्यामुळे धग अडण्याऐवजी पसरते. म्हणूनच मोटारीचे निर्माते सायलेन्सरच्या नळीवर, तिच्यापासून आणि तळापासूनही अंतर राखून, धातूची ढाल बसवतात. गॅरेजमध्ये काम करताना ही ढाल खडखडते म्हणून पुष्कळदा काढून टाकली जाते, आणि मग आतून कितीही आवरण घातले तरी पायाची धग जात नाही. आतल्या बाजूने खरे काम करतो तो बद्धकोशी फोम, कारण त्यात कोंडलेली स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक असते.

गैरसमज ५ : तळाला आवरण घातले की उन्हात उभी असलेली मोटार थंड राहते.

वस्तुस्थिती : उभ्या मोटारीतील उष्णतेचा मुख्य दरवाजा काचा, आणि त्यांच्या खालोखाल छप्पर, तळ तर आपल्याच सावलीत असतो. तळाची धग ही चालत्या गाडीची, इंजिन, गिअरबॉक्स आणि उत्प्रेरक नळकांडे (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) यांच्या तापाची बाब आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत सायलेन्सर नसल्यामुळे ही धग नसते, परंतु इंजिनाचा आवाजही नसल्यामुळे टायरांचा आवाज अधिक कानी पडतो. तेथे उष्णतेसाठी तळावर पैसा घालण्याचे कारण नाही. बॅटरी बहुधा तळाखालीच असते, तेव्हा तेथे पत्र्याला छिद्र पाडण्याचा विचारही मनात आणू नये.

गैरसमज ६ : पाण्याचा या कामाशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : आमच्या मते आपल्या प्रदेशात या संपूर्ण विषयाचा निर्णय पाण्यानेच होतो. कोकणातल्या पावसात ओल्या चपला व छत्र्या तळावर येतात; शिवाय एअर कंडिशनरचे पाणी बाहेर सोडणारी नळी कचऱ्याने तुंबली की ते पाणी पुढच्या सीटच्या पायाशी गालिच्याखाली साचते. नमदा आणि ताग हे पाणी स्पंजासारखे धरून ठेवतात. पाणी स्थिर हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेत असल्यामुळे भिजलेला नमदा उष्णता रोखेनासा होतो, आणि त्याच्याखाली पत्र्याला गंज चढू लागतो. यासाठी पत्र्यालगतचा प्रत्येक थर पाणी न शोषणारा असावा, तळातील रबरी बुचे झाकली जाऊ नयेत, आणि ओल कोठून येते याचा छडा लागेपर्यंत कोणतेही आवरण चिकटवू नये.

गैरसमज ७ : छपराला लावायचे डांबरी पट्टे किंवा थर्मोकोल हे स्वस्त आणि तितकेच चांगले.

वस्तुस्थिती : घराच्या छपरासाठी केलेले डांबर उन्हाळ्यात मऊ होऊन बंद गाडीत वास सोडते, आणि थर्मोकोल तापाने आक्रसतो व सहज पेट घेतो. मोटारीच्या आतील साहित्य किती वेगाने जळावे याला कायदेशीर मर्यादा आहेत. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा मानक क्रमांक ३०२ अन्वये ही मर्यादा मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे, आणि आपल्याकडे भारतीय मानक १५०६१ याच विषयाचे आहे. दुकानदाराकडे या मानकाचा दाखला मागावा. तो मिळत नसेल तर माल स्वस्त असूनही घेऊ नये.

या सर्वांच्या आधी एक गोष्ट मात्र अवश्य करावी. तळातून येणारा आवाज आणि धग ही पुष्कळदा यंत्राने आपल्या दरबारी गुदरलेली अर्जी असते. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर चाकाच्या झिजलेल्या बेअरिंगची असू शकते, अकस्मात वाढलेली धग तुंबलेल्या उत्प्रेरक नळकांड्याची असू शकते, आणि सायलेन्सरच्या गळतीतून तर कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक, निर्गंध वायू आत शिरू शकतो. अशा अर्जीवर आवरण घालणे म्हणजे ती न वाचताच दप्तरी दाखल करणे होय. म्हणून प्रथम विश्वासू कारागिराकडून गाडी उचलून तपासून घ्यावी, टायरांची हवा व झीज पाहावी, ढाल जागेवर आहे याची खातरजमा करावी, ओल असल्यास ती काढावी; त्यानंतर नाद उमटणाऱ्या जागी डॅम्पिंग शीट आणि तिच्यावर बद्धकोशी फोम घालावा, आणि एवढ्याने समाधान झाले नाही तरच वजनदार पडद्याचा खर्च करावा. सीट काढावयाच्या असतील तर त्यांच्याखाली एअरबॅगच्या तारा असू शकतात हे ध्यानी ठेवून ते काम जाणकाराच्याच हाती द्यावे. या क्रमाने चालणाऱ्या बहुतेकांना शेवटच्या थराची गरजच पडत नाही.