रुसलेल्या त्र्यंबोलीचा मान

आश्विन शुद्ध पंचमी उजाडली की करवीरनगरीची पावले पूर्वेच्या टेकडीकडे वळतात. ललितापंचमीच्या या दिवशी श्री अंबाबाईची गजारूढ रूपात पूजा बांधली जाते आणि देवीची पालखी लवाजम्यासह त्र्यंबोलीच्या भेटीस निघते.

थोरल्या देवीने धाकटीकडे का जावे? कथा सर्वश्रुत आहे. कोल्हासुराचा पुत्र कामाक्ष याने योगदंडाच्या बळावर देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकले. त्र्यंबोलीने तो दंड हस्तगत करून त्यांना सोडविले आणि कामाक्षाचा वध केला. मात्र विजयोत्सवाच्या धामधुमीत तिलाच बोलावणे राहून गेले. ती रुसली आणि नगराकडे पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली. तेव्हा अंबाबाई स्वतः तिची समजूत घालण्यास गेली. त्या पराक्रमाचे स्मरण म्हणून आजही तेथे कोहळा छेदला जातो.

या सोहळ्यात प्रत्येक सेवेचा मानकरी ठरलेला आहे. अंबाबाईची पूजा श्रीपूजकांनी बांधावयाची. टेकडीवर कोहळ्याचे व कुमारिकेचे पूजन छत्रपती घराण्याने करावयाचे. परंतु कोहळ्यावर त्रिशूळ चालविण्याचा मान त्र्यंबोलीच्या गुरव घराण्यातील कुमारिकेचा. तिचा हात लागल्यावाचून विधी पुरा होत नाही. राजघराणेही त्या बालिकेपुढे नम्र होते, हे दृश्य पाहताना आमचे हात नकळत जोडले जातात.

अशी सेवांची वाटणी प्राचीन रोमनगरीतही होती. एकेका देवाचा स्वतंत्र पुरोहित असे, शकुन पाहणारे निराळे असत आणि अग्निदेवता व्हेस्टा हिचा अखंड अग्नी सहा कुमारिका राखीत. सहा ते दहा वर्षांच्या वयात निवडलेल्या या मुलींचे व्रत तीस वर्षांचे असे. चौथ्या शतकाच्या अखेरीस राजाश्रय सुटला आणि तो अग्नी विझला. रोमच्या त्या कुमारिका आता इतिहासग्रंथांतच भेटतात; करवीरची कुमारिका मात्र दर ललितापंचमीस टेकडीवर उभी असते.

कोहळ्याचा तुकडा प्रसाद म्हणून मिळावा यासाठी तेथे झुंबड उडते. तो सर्वांच्याच हाती लागतो असे नाही; पण कथेचा बोध प्रत्येकास घरी नेता येतो. नवरात्रात आपण कुमारिकेचे पाय धुतो, सवाष्णीची ओटी भरतो. त्या गडबडीत आपल्या घरची एखादी त्र्यंबोली बोलावण्यावाचून राहिली नाही ना, हे पाहावे. राहिली असेल, तर थोरल्यांनी आपण होऊन तिच्या दारी जावे. जगदंबेने त्यात कमीपणा मानला नाही.