मानेचा दर आणि अपिलाचे २१ दिवस

इंग्लंड-वेल्समध्ये मोटारीला मागून धडक बसून मान दुखावली (म्हणजे 'व्हिपलॅश' झाला), तर ३१ मे २०२१ पासून भरपाई सरकारी दरपत्रकाने ठरते. आमचा अपघात २०२३ मधला. सौ.ची मान आठ महिने आखडलेली; त्याचा दर ८४० पौंड! (मे २०२५ नंतरच्या अपघातांना दर थोडे वाढले आहेत.) गुडघाही दुखावला होता, पण कोर्टाने त्याचे काही धरलेच नाही.

'रक्कम थोडी वाटते' एवढ्यावर अपील चालत नाही. निकाल कुठे चुकला ते दाखवावं लागतं. मुदत साधारण २१ दिवस, आधी परवानगी हवी आणि नवा पुरावा सहसा घेत नाहीत. आमचा मुद्दा साधा बेरजेचा होता. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की मानेचा दर आणि इतर दुखापतींची भरपाई वेगवेगळी मोजून मिळवायची. एकच त्रास दोनदा धरला गेला असेल तर तेवढंच वजा करायचं. गुडघा डॉक्टरी अहवालात नोंदलेला होता, म्हणूनच अपील टिकलं आणि रक्कम वाढली.

तेव्हा मंडळी, डॉक्टरांपुढे 'तसं बरं आहे' म्हणायची आपली सवय तेवढ्यापुरती सोडा. दुखतंय ते सगळं सांगा, आणि लिहून घेतलं ना, तेही पाहा.