राऊटर बोलेनासा झाला तर : कन्सोल केबलची ओळख

दोन वर्षांपूर्वी आमच्या पेढीचा राऊटर सांभाळणाऱ्या माणसाने दूर बसूनच त्याचा पत्ता बदलला. एक आकडा चुकला. चूक लक्षात येण्यापूर्वी त्याने ती मांडणी कायमची साठवूनही टाकली, त्यामुळे वीज बंद-चालू करून काही उपयोग झाला नाही. दुकान आणि भिवंडीचे गोदाम यांचा संबंध तुटला. टेम्पो भरून उभा, पण कोणत्या गाठी गेल्या आणि कोणत्या शिल्लक, हे दुकानात दिसेना. दुसऱ्या दिवशी तो माणूस स्वतः आला, पिशवीतून एक फिकट निळी केबल काढली आणि दहा मिनिटांत काम उरकले. त्याने मोबदला रास्तच घेतला. दिवस गेला तो मात्र आमचा. ती केबल कोणती, हे तेव्हा मी विचारून घेतले.

राऊटर, मोठे स्विच, सर्व्हर अशा यंत्रांना मागे किंवा पुढे एक सॉकेट असते व त्यावर ‘कन्सोल’ असे इंग्रजीत लिहिलेले असते. नेटवर्कवरून यंत्रात शिरायचे तर पत्ता बरोबर हवा, मधला स्विच चालू हवा, आतली व्यवस्था नीट उठलेली हवी. कन्सोलला यातले काही लागत नाही. वीज मिळाली आणि यंत्र जागे होऊ लागले की पहिल्या ओळीपासून ते या केबलवर बोलू लागते. कुठे अडले तेही तिथेच दिसते.

ही सोय जुनी आहे. संगणकाला पडदा नव्हता तेव्हा त्याच्याशी टेलिटाइप यंत्राने बोलत असत, म्हणजे तारघरातल्यासारखे टंकायचे आणि उत्तर कागदावर छापून यायचे. पुढे पडद्याची टर्मिनले आली. ‘आरएस-२३२’ हे जोडणीचे प्रमाण अमेरिकेत १९६० साली ठरले आणि आजही चालू आहे. लिनक्समध्ये अशा जोडणीचे नाव अजून ‘टीटीवाय’नेच सुरू होते, ते त्या टेलिटाइपवरूनच.

कामापुरत्या तारा तीनच : एक बोलण्याची, एक ऐकण्याची, एक जमिनीची. माझी बोलण्याची तार समोरच्याच्या ऐकण्याच्या तारेला मिळाली पाहिजे. दोघांच्या बोलण्याच्या तारा एकमेकींना जोडल्या तर पडदा कोराच राहतो. सिस्कोच्या राऊटरबरोबर येणाऱ्या निळ्या चपट्या केबलीत ही उलटापालट आधीच केलेली असते. तिचे एक टोक नेटवर्कच्या केबलीसारखेच दिसते, म्हणून ते चुकून शेजारच्या नेटवर्कच्या सॉकेटात घालू नये. दुसरे टोक नऊ पिनांचे असते. आजच्या लॅपटॉपला नऊ पिनांचे सॉकेट नसते, म्हणून मध्ये यूएसबीचा जोड घ्यावा लागतो. काही नव्या यंत्रांत यूएसबीचेच कन्सोल सॉकेट दिलेले असते.

हा जोड घेताना मात्र स्वस्ताईच्या मागे लागू नये. आतल्या चिपची नक्कल बाजारात फार. २०१४ साली एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटबरोबर आला आणि नकली चिपांचे जोड जागच्या जागी निकामी झाले. कापडात नकली शिक्का ओळखणारे आपण, इथे फसू नये.

जोड लावला की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा ‘कॉम’ क्रमांक दिसतो, समजा कॉम ३. मग पुटी नावाचा मोफत प्रोग्राम उघडून ‘सिरियल’ निवडावे, तो क्रमांक घालावा आणि वेग ९६०० ठेवावा. आठ बिटे, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. मग एंटर दाबावे. एका अक्षराला आठ बिटे, शिवाय सुरुवातीचे एक व शेवटचे एक, अशी दहा लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. वाचायला पुरेशी. पडद्यावर अगम्य चिन्हे आली तर यंत्र बिघडले असे समजू नये, वेग जुळलेला नाही इतकेच. पुष्कळ सर्व्हर व लहान बोर्डे १,१५,२०० वर बोलतात.

लहान बोर्डांबाबत एक धोक्याची सूचना. रास्पबेरी पायसारख्या बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, तर आरएस-२३२ मध्ये विजेचा दाब उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत जातो. दोन्ही थेट जोडले तर बोर्ड जळेल. त्यासाठी ३.३ व्होल्टचा वेगळा जोड मिळतो, तोच मागावा.

लिनक्सच्या सर्व्हरला कन्सोलवर बोलण्याची परवानगी अगोदर द्यावी लागते, बूटच्या वेळच्या ओळींसाठी आणि लॉगिनसाठीही. सर्व्हर अडकल्यावर ती देता येत नाही, म्हणून देखभाल करणाऱ्याकडून आजच करून घ्यावी आणि आपल्यासमोर एकदा चालवून दाखवायला सांगावे.

आता दुसरी बाजू. सिस्कोच्या पुष्कळ राऊटरांत वीज चालू केल्यापासून साठ सेकंदांच्या आत ब्रेकचा संकेत पाठवला, तर साठवलेली मांडणी न वाचताच यंत्र उठवता येते, आणि मांडणीबरोबर पासवर्डही बाजूला राहतो. पासवर्ड विसरणाऱ्या मालकाची ही सोय आहे, पण केबल घेऊन आत शिरलेल्या कोणाचीही तीच सोय. तेव्हा राऊटर गल्ल्यामागच्या उघड्या फळीवर न ठेवता कुलपाच्या कपाटात ठेवावा, कपाटाला हवेची जाळी असावी. केबल आणि जोड त्याच कपाटात टांगून ठेवावेत. यंत्राच्या पाठीवर वेगाचा आकडा लिहून चिठ्ठी डकवावी. पासवर्ड चिठ्ठीवर नको, तो तिजोरीतल्या वहीत.