शेजारी देशांची सोयरीक

रामायणातली सीता कुठली? मिथिलेच्या जनक राजाची लेक. तिचे माहेर म्हणून लोक ज्या जनकपूरला जातात, ते गाव आज नेपाळ देशात आहे. सासर अयोध्या, ते भारतात. गौतम बुद्ध जन्मले ते लुंबिनीही नेपाळातच. नेपाळी भाषा आपल्या मराठीसारखीच देवनागरीत लिहितात. तुम्ही आता वाचायला शिकलात. काठमांडूतल्या दुकानावरची पाटी तुम्हांलाही अक्षर लावून वाचता येईल!

अशी ही जुनी सोयरीक. पण नुसत्या सोयरिकीवर दोन देशांचा व्यवहार चालत नाही. त्याला लेखी करार लागतो, आणि बोलणी करायला माणूस लागतो. परक्या देशात आपल्या सरकारच्या वतीने बोलतो तो राजदूत. त्याच्या कचेरीला वकिलात म्हणतात. भारताची वकिलात काठमांडूला आहे, नेपाळची दिल्लीला.

१९५० साली दोन्ही देशांनी मैत्रीचा तह केला. एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशात राहता यावे, धंदा करता यावा, असे त्यात ठरले. सरहद्द ओलांडायला या लोकांना व्हिसा लागत नाही.

नेपाळला समुद्र नाही. बोटीने आलेला त्याचा बराच माल कोलकात्याला उतरतो आणि भारतातून पुढे जातो. म्हणून सरहद्दीवर वाट अडली, की तिकडची चूल अडते.

२०१५ च्या एप्रिलात नेपाळात मोठा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसे दगावली. भारताने त्याच दिवशी मदत धाडली. पण त्याच वर्षी नेपाळची नवी राज्यघटना आली. तराई भागातले पुष्कळ लोक तिच्यावर नाराज झाले. सरहद्दीवर आंदोलन झाले, मालट्रका अडल्या. चार-पाच महिने तेल, गॅस, औषधे यांचे हाल झाले. नेपाळ म्हणाला, "भारताने वाट अडवली." भारत म्हणाला, "आम्ही नाही, तुमच्याकडच्या आंदोलनाने अडली." मने कडू झाली.

तरी बोलणे तुटले नाही. २०१९ साली बिहारातल्या मोतिहारीहून नेपाळातल्या अमलेखगंजपर्यंत तेलाची नळवाट सुरू झाली. २०२० साली कालापानी, लिपुलेख या भागांवरून नकाशाचा तंटा उभा राहिला.

बांधाचा तंटा आपल्याला काय नवा आहे? भाऊबंदांतही तो होतोच. पण शेजार काही बदलता येत नाही. आम्हांला वाटते, थोरल्याने धाकट्याला कमी लेखू नये, धाकट्याने अबोला धरू नये. नाते जुने असले, तरी ते रोज सांभाळावे लागते.