त्वचेवरील नोंदी आणि शरीरातील कर्करोग

प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. पुढील मजकूर रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीमागे अनेक वर्षे बसून आणि आमच्या त्वचारोगतज्ज्ञांना वेळोवेळी प्रश्न विचारून जमविलेला आहे, हे प्रारंभीच नम्रपणे नमूद करतो.

हिशेबात ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती आम्ही उचंत खात्यात टाकतो. परंतु ती तेथेच पडून राहिली तर हिशेबतपासनीस आक्षेप घेतो. त्वचेच्या बाबतीत असा आक्षेप घेणारा कोणी नसतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात तर कारणे हाताशीच असतात: घाम, लोकलची गर्दी, टँकरचे पाणी, कारखान्यांचा धूर. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रस्ता रसायनाने गुलाबी झालेला ज्यांनी पाहिला, ते अंगावरील प्रत्येक चट्ट्याचा दोष रसायनास देणारच. बहुतेक वेळा कारण किरकोळ असते, हेही खरे.

परिचयातील एका गृहस्थांच्या पापण्यांवर जांभळट लाली आली आणि बोटांच्या सांध्यांवर खवलेदार पुरळ उठले. दुकानातून आणलेल्या मलमाने ते थोडे फिके होई, पुन्हा उमटे. (स्टिरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास २०१८ पासून मनाई आहे, ती कितपत पाळली जाते हे सुज्ञ वाचक जाणतात.) तीन महिन्यांनी त्यांना लोकलमधील कडी धरण्यासाठी हात वर नेता येईना आणि स्थानकाचा पूल चढताना मांड्या भरून येऊ लागल्या. हे दोन त्रास एकाच आजाराचे आहेत, हे घरात कोणाच्याही ध्यानी आले नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी मलम न देता त्यांना प्रथम जिन्याविषयी विचारले. डर्मॅटोमायोसायटिस असे त्या विकाराचे नाव. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर व स्नायूंवर उलटते. प्रौढ रुग्णांपैकी साधारण १५ ते ३० टक्क्यांमध्ये त्यामागे कर्करोग आढळतो. कधी आधी, कधी सोबत, कधी वर्ष-दोन वर्षांनी. म्हणून पहिला तपास निर्दोष निघाला तरी पुढील काही वर्षे तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. या गृहस्थांच्या फुप्फुसात गाठ सापडली. सध्या ते उपचारांसाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात.

मानेवर व काखेत काळी, मखमली, जाड त्वचा दिसली की पुष्कळजण घाबरतात. तिचे कारण बहुधा लठ्ठपणा किंवा मधुमेहाची पूर्वतयारी हे असते, साखर तपासावी. मात्र उतारवयात, वजन घटत असताना, काही आठवड्यांतच ती पसरली आणि तळवे व ओठही जाडसर झाले, तर जठराची तपासणी आवश्यक ठरते. पुरळ नसताना आठवडेच्या आठवडे टिकणारी सर्वांगाची खाज यकृत, पित्तमार्ग वा लसिकाग्रंथींच्या विकाराची असू शकते.

बेंबीतील टणक गाठीला तर एका परिचारिकेचे नाव आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे डॉ. विल्यम मेयो यांच्या साहाय्यक सिस्टर मेरी जोसेफ शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे पोट स्वच्छ करीत. अशी गाठ असलेल्यांच्या पोटात पसरलेला कर्करोग निघतो, हे त्यांनी हेरले. १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली यांनी ते नाव ग्रंथात रूढ केले.

आमच्या त्वचा विभागाच्या केसपेपरवर आता तीन रकाने वाढविले आहेत: त्रास किती दिवसांपासून, वजन घटले काय, जिना चढता येतो काय. छपाईचा खर्च नेहमीच्या स्टेशनरीतच सामावला.